धन्यावांचून चालणारी पेढी

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुट्टीपूर्वीं आमच्या वर्गांतील एका विद्यार्थिनीचे वडील आम्हांस भेटावयास शाळेंत आले. त्यांच्या हातीं फोन होता, व त्या फोनमध्यें एक ॲप होतें. ओळखीच्या एका गृहस्थाच्या सांगण्यावरून त्यांनीं कांहीं महिन्यांपूर्वीं त्या ॲपमधून एक नवें कूटचलन विकत घेतलें होतें. हें चलन कोणा एकाच्या मालकीचें नाहीं, तें जगभर विखुरलेल्या जाळ्यावर चालतें, सबब तें कोणास बंद पाडतां येत नाहीं, असें त्यांस सांगण्यांत आलें होतें. एके सकाळीं ॲप उघडेना. दुसऱ्या दिवशींहि उघडेना. "सर, जें सगळीकडे आहे, तें एका रात्रींत नाहींसें कसें होतें?" असें त्यांनीं आम्हांस विचारलें. रक्कम किती होती हें आम्ही लिहीत नाहीं. मुलीच्या पुढील शिक्षणासाठीं ठेवलेला तो पैसा होता, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

त्या वेळीं आम्ही त्यांस नीटसें उत्तर देऊं शकलों नाहीं. पुढें ह्या विषयावरील वाचन करतां करतां आमच्या ध्यानांत आलें कीं, प्रश्न वरवर पैशाचा दिसला तरी मुळांत तो संदेशवहनाचा आहे. एका यंत्रानें दुसऱ्या यंत्राशीं काय बोलावें, कोणत्या क्रमानें बोलावें, आणि किती जणांशीं बोलावें, ह्या ठरावास संगणकशास्त्रांत ‘प्रोटोकॉल’ म्हणतात. आम्ही त्यास ह्या लेखांत शिरस्ता म्हणूं. जेथें धनी आहे, तेथें शिरस्ता हा सोयीचा भाग असतो. जेथें धनीच नाहीं, तेथें शिरस्ता हाच धनी होतो. म्हणून अशा जाळ्याचा शिरस्ता निवडतांना काय काय पारखावें लागतें, हें येथें सांगण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम धन्याच्या पेढीचें उदाहरण घेऊं. मंडईंत भाजी घेऊन आपण चौकटीच्या चित्रावर फोन धरतों व पैसे देतों. ही यूपीआय पद्धति २०१६ सालीं सुरू झाली. आपला फोन व भाजीवालीचा फोन हे एकमेकांशीं थेट बोलत नाहींत. आपल्या ॲपचा निरोप बँकेमार्फत नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ह्या मुंबईंतील संस्थेच्या यंत्रांकडे जातो. तेथून आपल्या बँकेस ‘वजा करा’ व तिच्या बँकेस ‘जमा करा’ अशी आज्ञा सुटते. मध्यें एक कारभारी बसलेला आहे, व त्याचा शब्द अखेरचा आहे. ह्यामुळें काम झटपट होतें, चुकल्यास दाद मागतां येते, व शिरस्ता बदलावयाचा झाल्यास एका ठिकाणीं बदलून भागतें. परंतु कारभाऱ्याचें यंत्र थबकलें कीं सर्वांचे व्यवहार थबकतात. आणि कोणास आंत घ्यावें व कोणास घेऊं नये, हेंहि त्यांनींच ठरवावयाचें.

मुलांस हा भेद कळावा म्हणून आम्हीं नववीच्या वर्गांत एक खेळ मांडला. बेचाळीस मुलें होतीं. प्रत्येकाच्या नांवें दहा चिंचोके जमा धरले. पहिल्या दिवशीं खातेवही वर्गनायकाकडे दिली. ज्यास चिंचोके द्यावयाचे, त्यानें नायकास सांगावें व नायकानें लिहून घ्यावें. काम सुरळीत चाललें. मग आम्हीं नायकास कांहीं निमित्तानें मुख्याध्यापकांकडे धाडलें. तत्काळ सारा बाजार बंद पडला.

दुसऱ्या दिवशीं नायक काढून टाकला. प्रत्येक मुलानें सर्वांचे हिशेब स्वतःच्या वहींत ठेवावयाचे, आणि प्रत्येकास केवळ चार सोबत्यांशीं बोलण्याची मुभा. हेंच बिटकॉइनचें स्वरूप आहे. सातोशी नाकामोतो हें नांव घेऊन लिहिणाऱ्या अज्ञात व्यक्तीनें ३१ ऑक्टोबर २००८ रोजीं अवघ्या नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध केला, व ३ जानेवारी २००९ रोजीं तें जाळें सुरू झालें. तेथें प्रत्येक पूर्ण सभासद-यंत्र सगळी खातेवही आपल्याजवळ बाळगतें. मग नवा व्यवहार झाल्याचें सर्वांस कळवावयाचें कसें? निवडलेला शिरस्ता आपल्या गांवांतील वार्तेसारखाच आहे: ज्यानें ऐकलें त्यानें आपल्या शेजाऱ्यांस सांगावें. हिशेब करून पाहा. प्रत्येकानें आठ नव्या जणांस सांगितलें, तर पांचव्या फेरीस ८ × ८ × ८ × ८ × ८ म्हणजे ३२,७६८ जणांपर्यंत बातमी पोहोंचते. प्रत्यक्षांत पुष्कळांनीं ती आधींच ऐकलेली असते, म्हणून आकडा इतका भरत नाहीं. तरीहि थोड्याच क्षणांत ती जगभर पसरते.

येथें हुशार मुलांनीं विचारलें कीं, एवढा गलबला कशाला? उतरंडीसारखी रचना करावी. एकानें ठराविक दोघांस सांगावें, त्या दोघांनीं ठराविक चौघांस. कागद वांचेल. खरें आहे, पण उतरंडींतील एक मडकें फुटलें कीं त्यावरील सगळीं कोसळतात. वार्तेच्या शिरस्त्यांत तीच गोष्ट चार बाजूंनीं कानावर येते, हा अपव्यय दिसतो खरा. परंतु तोच त्याचा बचाव आहे.

तरीहि अपव्ययास मर्यादा हवी. आमच्या खेळांत पहिल्या फेरींत प्रत्येकानें चारी सोबत्यांस चिठ्ठीची संपूर्ण नक्कल दिली. दहा मिनिटांत कागद संपले, आणि एका मुलीच्या बांकावर एकाच चिठ्ठीच्या चार नकला पडल्या. तेव्हां दुसऱ्या फेरीस नियम केला: आधीं चिठ्ठीचा अनुक्रमांक सांगावा, ‘सतरावी चिठ्ठी ऐकलीस काय?’ नसेल ऐकली तर त्यानें मागावी, व मागितल्यासच नक्कल द्यावी. बिटकॉइनच्या शिरस्त्यांत हेंच आहे. व्यवहाराची ओळख सांगणारी सूचना ३६ बाइटांची असते. संपूर्ण साधा व्यवहार अडीचशें बाइटांच्या आसपास भरतो. आठ शेजाऱ्यांनीं न विचारतां सगळाच माल पाठविला तर एका यंत्राच्या दारीं २,००० बाइट येऊन पडतील. आधीं विचारण्याच्या पद्धतीनें आठ सूचनांचे २८८, मागणीचे ३६, व एका नकलेचे २५०, मिळून ५७४. वेळ किंचित् अधिक लागतो, पण बोजा चौथ्या हिश्श्याच्या जवळपास येतो. गरिबाच्या घरच्या साध्या यंत्रासहि ह्या जाळ्यांत बसतां यावें, असें वाटत असेल तर ही काटकसर किरकोळ नव्हे. शिरस्ता जड झाला कीं हळूहळू मोठ्या यंत्रवाल्यांचीच पेढी उरते.

आतां लबाडीचा विचार. १९८२ सालीं लॅम्पोर्ट, शोस्टॅक व पीझ ह्या तिघां शास्त्रज्ञांनीं एक कोडें मांडलें. शहरास वेढा घातलेले कांहीं सेनापति जासुदांकरवीं निरोप धाडून हल्ल्याचा बेत ठरवीत आहेत. त्यांतले कांहीं फितूर आहेत. इमानी सेनापतींचें एकमत व्हावें कसें? केवळ तोंडी निरोपांवर भागवावयाचें असेल, तर दोन-तृतीयांशांहून अधिक सेनापति इमानी असल्यावांचून तें साधत नाहीं, असें त्यांनीं सिद्ध केलें. निरोपावर खोडतां न येणारी सही असेल, तर काम पुष्कळ सोपें होतें. म्हणूनच कूटचलनांत प्रत्येक व्यवहारावर देणाऱ्याची गणिती सही असते. मधल्या शेजाऱ्यास ती बनवितां येत नाहीं. तो निरोप दडपूं शकेल, पण बदलूं शकणार नाहीं. आणि चौघांपैकीं एकानें दडपला तरी उरलेले तिघे सांगतातच.

पण चौघेहि फितूर असले तर? आम्हीं मुद्दाम एका मुलाच्या चारी सोबत्यांस एका बाजूस घेऊन गप्प राहण्यास सांगितलें होतें. तो बिचारा शांतपणें बसून होता. आज बाजार मंद आहे, असें त्यास वाटलें. मग त्या चौघांपैकीं एकानें, जे चिंचोके अन्यत्र देऊन झालेले होते, तेच ह्या मुलास दिले व त्याची पेन्सिल घेतली. मुलाच्या वहीप्रमाणें व्यवहार चोख होता. ह्याच धोक्यास शास्त्रज्ञ ‘ग्रहण’ म्हणतात. बिटकॉइनवर असें ग्रहण लावतां येईल, हें हाइलमन, केंडलर, झोहर व गोल्डबर्ग ह्या चौघांनीं २०१५ सालीं दाखवून दिलें, व त्यानंतर शिरस्त्यांत दुरुस्त्या झाल्या. शेजारी निवडतांना ते सगळे एकाच आळींतले नसावेत, निरनिराळ्या भागांतील असावेत, असा कटाक्ष ठेवण्यांत येतो. आठ नेहमींच्या शेजाऱ्यांखेरीज २०१९ पासून आणखी दोन शेजारी असे जोडले जातात, कीं जे फक्त खातेवहीचीं तयार पानें देतात, इतर वार्ता करीतच नाहींत. त्यामुळें कोण कोणास जोडलेला आहे हें बाहेरच्यास ओळखणें कठीण जातें.

शेजारी मुळांत भेटावेत कसे, ही अडचण मात्र पुरती सुटलेली नाहीं. नव्या यंत्रास जगांत कोणाचाच पत्ता ठाऊक नसतो. आरंभींच्या काळांत हीं यंत्रें इंटरनेटवरील एका गप्पांच्या दालनांत जाऊन एकमेकांस हुडकीत. आतां कांहीं स्वयंसेवक सभासदांच्या पत्त्यांच्या याद्या चालवितात, व त्या याद्यांचीं ठिकाणें प्रणालींतच लिहून ठेवलेलीं असतात. म्हणजे धन्यावांचून चालणाऱ्या पेढीसहि पहिली ओळख करून देणारा कोणीतरी लागतोच. हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

निरोप ज्या रस्त्यानें जातो, त्याचीहि निवड असते. इंटरनेटवर मुख्य रस्ते दोन. टीसीपी हा पोंच घेऊन जाणाऱ्या रजिस्टर टपालासारखा: निरोप क्रमानें पोहोंचतो, हरवला तर पुन्हां धाडला जातो, पण त्यांत वेळ मोडतो. यूडीपी हा साध्या कार्डासारखा: टाकलें कीं सुटलें, पोहोंचलें तर पोहोंचलें. बिटकॉइननें पहिला पत्करला, आणि पैशाच्या बाबतींत तो योग्यच होय. मात्र एका ठिकाणीं विलंब फार महाग पडतो. सरासरीनें दर दहा मिनिटांस कोणीतरी ‘खाणकामगार’ नव्या व्यवहारांचें एक पान खातेवहीस जोडतो, व कोणता व्यवहार आधीं व कोणता नंतर हें त्या पानानें ठरतें. पान पसरावयास उशीर लागला तर तेवढ्यांत दुसरा कामगार दुसरेंच पान जोडतो, आणि खातेवहीस दोन फांटे फुटतात. पुढें एक फांटा गळून पडतो व त्यावरचे श्रम फुकट जातात. जवळजवळच्या बड्या कामगारांस एकमेकांचें पान लौकर मिळतें, दूरच्या लहानग्यास उशिरा. तेव्हां मंद शिरस्ता नकळत बड्यांचा पक्षपाती होतो. त्यावर २०१६ सालीं एक नामी तोड निघाली. पानांतील बहुतेक व्यवहार शेजाऱ्याजवळ आधींच आलेले असतात; मग ते पुन्हां कशास धाडावेत? प्रत्येकाचें सहा बाइटांचें आंखूड नांव तेवढें धाडावें, व जो त्याच्याजवळ नसेल तो त्यानें मागून घ्यावा. दहा लक्ष बाइटांच्या वर जाणारें पान ह्या युक्तीनें लहानशा पुडक्यांत मावतें.

गुप्ततेच्या बाबतींत मात्र बिटकॉइनची निवड आम्हांस अनेक दिवस चमत्कारिक वाटत होती. हीं यंत्रें चौदा वर्षांहून अधिक काळ एकमेकांशीं उघड्या कार्डावर बोलत होतीं. खातेवही सर्वांसच दिसते, मग निरोप झांकून काय मिळवावयाचें, असा त्यामागील विचार दिसतो. परंतु बातमी प्रथम कोणाच्या घरांतून निघाली, हें रस्त्यावर उभा राहून ऐकणाऱ्यास त्यामुळें कळत असे, व ज्याच्या घरीं पैसा आहे त्याचें घर कळणें ही साधी गोष्ट नव्हे. मोहोरबंद संभाषणाची सोय प्रमुख प्रणालींत डिसेंबर २०२३ मध्यें आली, व एप्रिल २०२४ पासून ती आपोआप लागू झाली.

आतां दुसऱ्या प्रकारच्या जाळ्याकडे वळूं. चहाच्या एका कपाचा व्यवहार साऱ्या जगास ओरडून सांगावा, सर्वांनीं तो कायमचा लिहून ठेवावा, आणि दहा मिनिटें वाट पाहावी, हें हास्यास्पद आहे. म्हणून २०१५ सालीं जोसेफ पून व थॅडियस ड्रायजा ह्यांनीं ‘लाइटनिंग’ जाळ्याची कल्पना मांडली. दोघांनीं मिळून कांहीं रक्कम एका सामाईक खात्यांत कुलूपबंद करावयाची. ती घटना तेवढी सर्वांस कळवावयाची. त्यानंतर दोघांमधील देवघेव ते आपसांत टिपून ठेवतात, व खातें मिटवितांना शेवटची बाकी जाहीर करतात. आपलें खातें ज्याच्याशीं नाहीं, त्यास पैसे द्यावयाचे असल्यास मधल्या ओळखीच्यांमार्फत ते सरकवितां येतात. मधल्यानें पैसे गिळूं नयेत म्हणून प्रत्येक टप्प्यावर अट असते: घेणाऱ्याजवळील एक गुप्त संख्या दाखविल्यासच पैसे सुटतील, आणि ठराविक मुदतींत ती न दाखविल्यास पैसे मागें फिरतील.

येथें शिरस्त्याची निवड अगदीं उलट झाली. तेथें सर्वांस कळावयाचें होतें, येथें शक्य तितक्या थोड्यांस. म्हणून दोन शेजाऱ्यांमधील बोलणें पहिल्यापासूनच मोहोरबंद आहे, आणि निरोप कांद्याच्या पापुद्र्यांसारखा गुंडाळलेला असतो. हाहि प्रयोग आम्हीं वर्गांत केला. पांच मुलांची रांग केली. जुन्या प्रश्नपत्रिकांचे लिफाफे केले व एकांत एक असे घातले. प्रत्येकावर फक्त पुढच्या मुलाचें नांव. ज्यानें त्यानें आपला लिफाफा फोडावा व आंतला पुढें द्यावा. कोणास ना आरंभ ठाऊक, ना शेवट. परंतु चौथ्या स्थानावरील मुलीनें आपला लिफाफा हातांत तोलून तत्काळ सांगितलें, "सर, हा अगदींच पातळ आहे. माझ्यापुढें एकच जण उरला." वर्गांत हशा पिकला, पण तिनें अचूक मर्म हेरलें होतें. लाइटनिंगचा हा पुडा म्हणूनच दर टप्प्यावर बरोबर १,३६६ बाइटांचा ठेवलेला असतो. एक पापुद्रा निघाला कीं तेवढीच भर निरर्थक अक्षरांची पडते. वजनावरून कोणास कांहीं उमजत नाहीं.

ह्या गुप्ततेचीहि किंमत आहे. वाट ठरविण्याचें सारें ओझें देणाऱ्यावर येतें. त्यास जाळ्याचा नकाशा जवळ बाळगावा लागतो, आणि तो नकाशा अद्ययावत ठेवावयास पुन्हां तोच वार्तेचा शिरस्ता लागतो. शिवाय घेणाऱ्याचें यंत्र त्या क्षणीं जागें असावें लागतें. झोंपलेल्याच्या नांवें पैसे ठेवून जाण्याची सोय बिटकॉइनच्या मूळ खातेवहींत आहे, येथें ती नाहीं. वाटेंतील एखाद्याजवळ पुरेशी बाकी नसली तर निरोप मागें फिरतो, व दुसरी वाट शोधावी लागते. ‘सर्वांत उत्तम शिरस्ता कोणता?’ असें मुलांनीं विचारलें, तेव्हां आम्हीं त्यांस उलट विचारलें: ही गोष्ट किती जणांस कळल्यावांचून भागणार नाहीं? पैसा दोनदां खर्च झाला नाहीं, हें सर्वांस कळावें लागतें. चहा कोणीं प्याला हें कोणास कळावें लागत नाहीं. एकाच पैशाच्या पेढींत दोन शिरस्ते आहेत, ते ह्याच कारणामुळें.

सुट्टीनंतर त्या पालकांस आम्हीं पुन्हां बोलावून घेतलें. ज्या मुलीनें पातळ लिफाफा ओळखला, ती त्यांचीच कन्या. आम्हीं तिघांनीं मिळून त्यांचा फोन पुढें ठेवला व एकच प्रश्न धरला: हें ॲप बोलत कोणाशीं होतें? त्या चलनाचा शिरस्ता कोठें प्रसिद्ध झालेला आढळला नाहीं. त्याची खातेवही दुसऱ्या कोणास स्वतःच्या यंत्रावर उतरवून घेतां येत नव्हती. ॲप एकाच कंपनीच्या एकाच ठिकाणाशीं बोलत होतें, आणि तें ठिकाण बंद झालें होतें. जाळें विखुरलेलें नव्हतेंच; खातेवही एका नायकाच्या हातांत होती, आणि नायक वर्गांतून निघून गेला होता. मुलीस हें वडिलांच्या आधीं कळलें. ती कांहीं बोलली नाहीं.

पालकांच्या माहितीसाठीं आणखी थोडें सांगतों. खरोखर विखुरलेल्या चलनांतहि पाठविलेला पैसा परत फिरविणारा कोणी नसतो. नांव चुकलें तरी तक्रार ऐकणारी कचेरी नाहीं. दलाली पेढीवर ठेवलेलें चलन हें त्या पेढीच्या वहींतील केवळ एक ओळ असते, जाळ्याचें बळ त्यास लाभत नाहीं. आपल्या देशांत रिझर्व्ह बँकेनें ६ एप्रिल २०१८ रोजीं बँकांस अशा व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितलें होतें. तें परिपत्रक सर्वोच्च न्यायालयानें ४ मार्च २०२० रोजीं रद्द केलें. १ एप्रिल २०२२ पासून अशा नफ्यावर शेंकडा ३० कर लागू झाला. सरकार कर घेतें म्हणजे सरकारनें हमी दिली, अशी समजूत कित्येकांची झालेली आम्हांस आढळली. ती चुकीची आहे.

त्या गृहस्थांनीं १९३० ह्या राष्ट्रीय मदत-क्रमांकावर तक्रार नोंदविली आहे, व पैसे पाठविल्याच्या पावत्या, तारखांसह, पोलिसांकडे दिल्या आहेत. त्या पावत्यांची यादी त्यांच्या मुलीनें सुवाच्य अक्षरांत करून दिली. हा अंक छापावयास जाईपर्यंत त्या तक्रारीचा निकाल लागलेला नाहीं.